पाणी पिणारी पेटी

बदकाचं अंडं फुटायच्या आदल्या दिवशी आतून बोलतं! टिक्, टिक्, आणि मधूनच बारीकशी चिवचिव. कान लावला की स्पष्ट ऐकू येते. पन्नाशी उलटली तरी ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि कळल्यापासून मी गिरणीत, भिशीत, एसटीच्या रांगेत, भेटेल त्याला ती सांगत सुटले आहे. लोक "हो का?" म्हणतात आणि पुढं जातात. त्यांनी ऐकलेलं नाही, मी ऐकलंय. लातूरच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत, थर्माकोलच्या पेटीत मी बदकाची अंडी उबवली. यंदाच्या फाल्गुनानं मला जेवढं शिकवलं तेवढं कॉलेजात जीवशास्त्र घेऊनही माझ्या पदरात पडलं नव्हतं.

माहेर नांदेड, सासर लातूर. अंडी माहेरची. भावाच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याचं विष्णुपुरी धरणाच्या वरच्या अंगाला शेत आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तिच्यानंतर आपल्या भागात शेततळी वाढली. कुणी त्यात मासे सोडले. यानं माशांच्या जोडीला बदकंही पाळली. बदकांची विष्ठा पाण्यात पडते, त्यावर शेवाळ आणि बारीक जीव वाढतात, ते मासे खातात, असा त्याचा साधा हिशेब. बदकं खाकी कॅम्पबेल जातीची. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या ॲडेल कॅम्पबेल यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर ही जात तयार केली. चांगली मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. पण अंड्यांवर बसायचं म्हटलं की तिला त्यात काडीचा रस नाही! खुडूक बसलेली मादी अंडी द्यायची थांबते, म्हणून माणसानं जास्त अंडी देणाऱ्या माद्या निवडत नेल्या आणि त्या निवडीत खुडूक बसण्याची ओढच मागं पडली. "रोज अंडं देतेत, पण बसायचं नाव नाही ओ," असं तो शेतकरी म्हणाला आणि तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला. आईनं सोडून दिलेलं काम आपण करायचं!

पेटी भाच्यानं बनवली. तो आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतोय. नांदेडच्या मासळी बाजारात बर्फातली मासळी ज्या थर्माकोलच्या खोक्यांतून येते, त्यातलं एक त्यानं आणलं, साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवलं, आत दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि एक छोटा डिजिटल थर्मोस्टॅट बसवला. तापमान ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेलं की बल्ब लागतो, वर गेलं की विझतो. पंखा सतत चालू, म्हणजे पेटीत सगळीकडं ऊब सारखी. आकडा ३७.५ अंश. झाकणाला काचेची खिडकी, आणि त्या खिडकीनं पुढं आमच्या घरातला टीव्ही बंद पाडला.

अंडी मी नांदेडहून लातूरला एसटीनं आणली. लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, सगळ्या रस्त्यानं पुठ्ठ्याचा ट्रे मांडीवर, खाली घडी केलेली वाकळ, आणि प्रत्येक अंड्याचं टोकदार तोंड खाली. का, तर अंड्याच्या बोथट बाजूला, कवचाच्या आत हवेची एक पोकळी असते. ती वरच राहायला हवी, आणि हादऱ्यांनी हलता कामा नये. त्या इवल्याशा पोकळीत पिल्लू आयुष्यातला पहिला श्वास घेणार असतं. हे कळल्यावर गतिरोधकागणिक माझा जीव वरखाली होत होता. घरी आल्यावर अंडी लगेच पेटीत घातली नाहीत. रात्रभर माठाशेजारच्या गारव्यात तशीच उभी ठेवली, प्रवासाचे हादरे निवावेत म्हणून. धुतलीही नाहीत, कारण कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो जंतूंना आत येऊ देत नाही.

सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. "पेटीत कुठं पिल्लं निघतेत का गं? खुडूक कोंबडीखाली ठेव की!" त्या म्हणतात तेही खरंच आहे. केरळात कुट्टनाडच्या बाजूला बदकाची अंडी पिढ्यान्‌पिढ्या कोंबडीखालीच उबवत आले. बांगलादेशात भाताच्या तुसाच्या उबेत बदकाची हजारो अंडी उबवणारी गावं आहेत. आणि इजिप्तमध्ये तर दोन हजार वर्षांहून जुनी परंपरा आहे, मातीच्या मोठमोठ्या भट्ट्या, तापमापक नाही, काही नाही. तिथले कारागीर अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ऊब बरोबर आहे का ते ओळखत. मी लावून पाहिलं. पापणीला ती ऊब इतकी नेमकी कळते की मी थक्क झाले. मग सासूबाईंच्या पापणीला लावलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून अंडी फिरवायचं काम त्यांनी आपल्याकडं घेतलं. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवायची असतात, नाहीतर आतला गर्भ कवचाच्या पडद्याला चिकटतो. एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर. वेळांची संख्या विषम ठेवायची, म्हणजे लांबलचक रात्र रोज एकाच कुशीवर जात नाही.

पण मला खरं वेड लावलं ते पाण्यानं. उबवणं म्हणजे ऊब देणं अशीच माझी समजूत होती, आणि उबेची आपल्या मराठवाड्यात काय कमतरता! कमतरता आहे ती ओलाव्याची. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. आतलं पाणी त्यांतून वाफ होऊन सतत बाहेर जात असतं, आणि ते जायलाच हवं. पिल्लू बलकातली चरबी जाळून वाढतं, त्या जळण्यातून नवं पाणी तयार होतं. तेवढं बाहेर पडलं नाही तर हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतल्या आत गुदमरतं. उलट फार पाणी गेलं तर पडदा वाळून पिल्लाच्या अंगाला घट्ट चिकटतो, मग त्याला वळताच येत नाही. म्हणजे पाणी जाऊ द्यायचं, पण मोजून! २८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १३ टक्के घटावं लागतं. पेटीत त्यासाठी ५५ ते ६० टक्के आर्द्रता हवी. आणि बाहेर लातूरची फाल्गुनातली दुपार, जेव्हा धुणं दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतं. त्यात हवा तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता आणखी उतरते. कोरड्या हवेला पेटीत घेऊन आपण तिला आणखी कोरडी करतो!

मग मी पाणी घालायला शिकले. पेटीच्या तळाला ताटली ठेवायची. तिच्यात पाणी किती खोल आहे याला महत्त्व नाही, हवेला पाण्याचा किती पसारा उघडा मिळतो याला आहे. म्हणून खोल वाटीपेक्षा पसरट ताटली बरी, आणि ताटलीपेक्षा तिच्यात एक टोक बुडवून उभा केलेला पंचाचा तुकडा बरा. कापड पाणी वर ओढतं आणि हवा ते पिऊन टाकते. बोअरच्या पाण्यानं त्या पंचावर दोन दिवसांत पांढरा थर धरतो, म्हणून उकळून गार केलेलं पाणी. आर्द्रता मोजायला साधा तापमापक घेतला, त्याच्या फुग्याला ओली कापसाची वात गुंडाळली. कोरडा तापमापक ३७.५ दाखवत असताना ओला २९ ते ३० च्या मध्ये असला की आपण बरोबर आहोत. दुपारी दोनला ओला तापमापक भराभर उतरायचा, मी पंचाचा आणखी एक तुकडा लावायची, की हळूहळू चढायचा. या गावानं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलं आहे, त्या जलदूत गाडीच्या पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी होतं. त्याच गावात मी एका पाणपक्ष्याच्या अंड्यांसाठी पेटीतलं पाणी वाटी-वाटीनं मोजत होते, आणि पाण्याकडं इतक्या बारकाईनं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यातच अंडी तोलायची कल्पना सुचली. सोनाराकडं असतो तसला छोटा डिजिटल काटा मिळतो, तो आणला. बदकाचं अंडं साधारण ७० ग्रॅमचं. त्याचं वजन दिवसाला तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास उतरतं, म्हणजे जुन्या मापानं अडीच गुंजा. रोज अडीच गुंजा पाणी! आणि यातली मला सर्वांत अचंबित करणारी गोष्ट म्हणजे घटलेलं वजन जवळजवळ सगळं पाण्याचंच असतं. पिल्लू कवचातून प्राणवायू आत घेतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतं, पण घेतलेल्या आणि सोडलेल्या वायूंचं वजन जवळपास सारखंच भरतं. श्वासाचा हिशेब जिथल्या तिथं मिटतो, उरतं ते पाणी. मी वहीत प्रत्येक अंड्याची रेघ काढत होते. एखादी रेघ फार झपाट्यानं उतरायला लागली की पंचा, फारच सावकाश उतरली की ताटली बाहेर. ती वही मी जपून ठेवली आहे.

सातव्या दिवशीची रात्र! उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी शेजारची मुलगी सुट्टीला आली होती. तिनं खोलीतले दिवे घालवले, पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून त्याच्यामागं मोबाइलचा टॉर्च धरला आणि अंड्याचं बोथट टोक त्या भोकावर टेकवलं. अख्खं अंडं आतून केशरी उजळलं. आणि त्या उजेडात, पिंपळाच्या जाळीदार पानासारखं, लाल शिरांचं जाळं! मधोमध एक काळा ठिपका, तो डोळा. ठिपका हलला. मी ओरडलेच. सासूबाई "बघू, बघू" करत पुढं आल्या आणि त्यांनी ते अंडं हातातून सोडलंच नाही. काही अंडी नुसती स्वच्छ उजळली, त्यांत काहीच नव्हतं. एकात शिरांऐवजी रक्ताचं नुसतं कडं दिसलं, म्हणजे गर्भ वाढता वाढता थांबलेला. ती बाजूला काढावी लागतात, नाहीतर सडून फुटतात आणि बाकीच्यांना बाधतात. ॲरिस्टॉटलनं २३०० वर्षांपूर्वी कोंबडीची अंडी दिवसागणिक फोडून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी पांढऱ्यात रक्ताच्या ठिपक्याएवढं हृदय धडधडताना दिसतं असं लिहून ठेवलं. त्याला अंडं फोडावं लागलं. आपल्या प्रत्येकाच्या खिशात टॉर्च आहे, आणि कवचाला धक्काही न लावता आपण ते बघू शकतो!

दुसऱ्या आठवड्यापासून अंडी रोज थोडा वेळ गार करायची असतात. झाकण उघडायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कोमट पाण्याचा हलका फवारा मारायचा आणि पुन्हा झाकायचं. कारण ऐका. रानात अंड्यांवर बसलेली मादी रोज घरटं सोडून चरायला जाते, पाण्यात उतरते आणि ओल्या पोटानं परत येऊन अंड्यांवर बसते. ती स्वतःच पाणी घेऊन येते! आमच्याकडं त्या मादीच्या ठिकाणी इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचा फवारा होता.

एका संध्याकाळी लाईट गेली. पेटीवर दोन वाकळा टाकल्या, आत अंड्यांपासून थोडं दूर गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. शेवटच्या आठवड्यातली अंडी स्वतःच ऊब तयार करू लागलेली असतात, गर्भ मोठा झालेला असतो. लाईट आली तेव्हा तापमापक थोडासाच उतरला होता. ती ऊब नुसत्या बाटल्यांची नव्हती, त्या पिल्लांनीही एकमेकांना दिलेली होती.

पंचविसाव्या दिवशी फिरवणं बंद. पेटी आता उघडायची नाही, आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर न्यायची. बाहेरून नळी घालून ताटल्या भरल्या, खिडकीच्या काचेवर घाम आला. लातुरात, मार्च महिन्यात, काचेवर घाम! आत पिल्लाची चोच हवेच्या पोकळीचा पडदा फोडते आणि फुप्फुसं पहिल्यांदा कामाला लागतात. मग तो आवाज सुरू होतो. सासूबाई पेटीला कान लावून बसल्या होत्या. "बोलालालंय गं!" त्या म्हणाल्या, आणि त्याही त्याच्याशी बोलायला लागल्या. गिल्बर्ट गॉटलिब नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं बदकाच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं. अंड्यात असतानाच पिल्लू स्वतःचा आणि भावंडांचा आवाज ऐकतं, आणि आपल्या जातीच्या आईची हाक पुढं ओळखणं त्या ऐकण्यावर अवलंबून असतं. ज्यांना अंड्यात तो आवाज ऐकू दिला नाही, ती पिल्लं नंतर हाक ओळखायला चुकली. जन्माच्या आधीच त्यांची शाळा भरलेली असते!

मग कवचावर पहिला तडा. चोचीच्या टोकावर एक टणक कण असतो, तो फक्त या एका कामासाठी उगवतो आणि नंतर गळून पडतो. तडा गेला की आता निघालंच असं वाटतं, आणि ते निघत नाही. दिवस जातो, रात्र जाते. बदकाच्या पिल्लाला पहिल्या तड्यापासून बाहेर यायला २४ ते ४८ तास लागू शकतात. हात शिवशिवतात, पण मदत करायची नाही, कारण त्या वेळात आत फार मोठं काम चाललेलं असतं. कवचाला चिकटलेल्या शिरांतलं रक्त पिल्लू आत ओढून घेतं, उरलेला बलक बेंबीतून पोटात घेतं. त्याआधी कवच सोललं तर रक्त वाहून पिल्लू जातं. आणि मग कधीतरी ते ठरवतं. अंड्यात गोल फिरत, बोथट टोकाभोवती टिचक्या मारत, झाकण उघडावं तसं कवच कापतं, मान ताणून एक जोर लावतं, आणि बाहेर! ओलं, लांब मानेचं, पाय फाकलेलं, धापा टाकत असलेलं. पोटात बलक असल्यानं पहिला दिवसभर त्याला दाणापाणी लागत नाही. अंग सुकून फुलल्याशिवाय त्याला पेटीतून काढायचंही नाही. एकामागून एक निघत गेली, घरातलं जेवण त्या खोलीतच आलं.

सुकल्यावर त्यांना बल्बखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात हलवलं. पहिल्या आठवड्यात ३२ अंशांच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी. पाण्याचं भांडं इतकंच खोल की नाकपुड्या बुडाव्यात, आणि त्यात गारगोट्या, म्हणजे पिल्लू आत पडणार नाही. आई नसलेल्या पिल्लाच्या पिसांवर तेल पुरेसं नसतं, आईच्या पोटाखाली ते लागतं, म्हणून सुरुवातीला पोहायला सोडलं की ती भिजून गारठतात. उदगीरच्या मुलीनं आणखी एक सांगितलं. बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, जास्त लागतं. नुसतं कोंबडीचं खाद्य दिलं तर पाय वाकडे होतात, म्हणून खाद्यात ब्रूअर्स यीस्ट मिसळायचं. आमच्या पिल्लांचे पाय सरळ आहेत आणि ती धावतात!

आणि कुणामागं धावतात? सासूबाईंच्या. लुगड्याच्या काठामागं सगळी रांग, मोरीपर्यंत, तुळशीपर्यंत, परत. कोनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं हे ओळखलं होतं. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही तासांत जे हलताना, हाक मारताना दिसतं, त्यालाच पिल्लू आई मानतं. लॉरेन्झ स्वतः बागेत उकिडवा बसून क्वॅक क्वॅक करत रानबदकाच्या पिल्लांपुढं चालायचा. १९७३ साली त्याला नोबेल मिळालं. आमच्या घरी नोबेल नाही, पण सासूबाईंनी नुसतं "या, या" म्हटलं की खाकी पिल्लांची पलटण हजर.

पिल्लांना पिसं आली की ती औशाजवळच्या आमच्या शेततळ्यावर जाणार आहेत. पेटी तोवर रिकामी. मे महिन्यात ती लावायची नाही हे पक्कं. थर्मोस्टॅट तापवू शकतो, गार करू शकत नाही. खोलीच ४१-४२ अंशांवर गेली तर पेटीला करण्यासारखं काही उरत नाही, आणि ४० च्या वर गर्भ टिकत नाही. दसऱ्यानंतर पुन्हा सुरुवात. या खेपेला मस्कोव्हीची अंडीही मिळवायची आहेत, त्यांना २८ नाही, ३५ दिवस लागतात, म्हणजे वजनाच्या रेघा आणखी लांब! शेजारच्या मुली आत्तापासून विचारतायत की टॉर्चची रात्र कधी. सासूबाईंनी तर बजावूनच ठेवलंय, "या बारीला चांगली पंचवीस-तीस ठेव, पोरी रांगा लावतेल." एवढी अंडी या पेटीत मावत नाहीत. भाच्याला मासळी बाजारातून मोठं खोकं बघायला सांगितलं आहे.